ताळा करून पाहिलात का?

मुलांनो, घरात साधा कॅल्क्युलेटर असेल तर घेऊन बसा. वाण्याच्या गल्ल्याजवळ असतो ना, आठ आकडे दाखवणारा, तसला. त्यावर १ भागिले ३ करा. बहुतेक यंत्रांवर ०.३३३३३३३ असं दिसेल. ते कागदावर लिहून ठेवा. मग १ भागिले ६ करा. ०.१६६६६६६ येईल. आता कागदावरच्या या दोन आकड्यांची बेरीज करा पाहू. किती आली? ०.४९९९९९९!

हेच गणित पाचवीतल्या कुणालाही घाला. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश. तो छेद समान करील, दोन षष्ठांश अधिक एक षष्ठांश म्हणजे तीन षष्ठांश, म्हणजे एक द्वितीयांश. बरोब्बर अर्धा. अर्ध्याला कणभर कमी नाही की कणभर जास्त नाही. आहे की नाही गंमत? पाचवीतलं पोर यंत्राच्या पुढे गेलं!

असं का होतं? कॅल्क्युलेटर अपूर्णांकाचा लगेच दशांश करतो आणि जागा संपली की शेपूट कापून टाकतो. आपण तसं करत नाही. एक तृतीयांश हा शेवटपर्यंत एक तृतीयांशच ठेवतो. मोठ्या वर्गातल्या ताई-दादांना √१२ विचारा. ते २√३ असं लिहितील. कॅल्क्युलेटर म्हणेल ३.४६४१०१६, आणि त्याचाच पुन्हा वर्ग केला तर १२ यायच्या ऐवजी ११.९९९९९९ दाखवील.

मग यंत्राला आपल्यासारखं, म्हणजे वहीत पायऱ्या मांडून सोडवतो तसं गणित शिकवता येईल का? येतं. असं शिकवलेल्या एका प्रोग्रॅमचं नाव आहे सिम्पाय. त्याला अपूर्णांक अपूर्णांक म्हणून दिला की तो तसाच सांभाळतो. क्ष² + ५क्ष + ६ दिलं की (क्ष + २)(क्ष + ३) असे अवयव पाडून देतो. २००५ च्या उन्हाळ्यात चेक देशातल्या ओंद्रेय चेर्तीक या तरुणाने तो लिहायला घेतला. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत तो लिहिलेला आहे. पण आज मला चेर्तीकची नाही, त्याच्या पाठोपाठ आलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगायची आहे. त्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर बाई पूर्ण गुण देतात का? नाही. रीत कुठे आहे, असं विचारतात. संगणकाचे पुष्कळसे प्रोग्रॅम हे नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलासारखे असतात. आत काय केलं ते दाखवत नाहीत, आणि दाखवायला त्यांचे मालक तयारही नसतात. पण काही प्रोग्रॅम रीतसुद्धा उघडी ठेवतात. कुणीही वाचावी, चूक दिसली तर सांगावी, चांगली सुधारणा सुचली तर लिहून पाठवावी. यांना ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. सिम्पाय हा त्यातलाच.

दुसरी गोष्ट. रीत उघडी ठेवली म्हणून ती वाचायला माणसं येतातच असं नाही. कॉलेजातली मुलं सुट्टीत चार पैसे मिळवायला कुठेतरी नोकरी धरतात आणि प्रोग्रॅम लिहायचा सराव तिथेच सुटतो. म्हणून २००५ साली गूगल या कंपनीने एक योजना काढली. तिचं नाव गूगल समर ऑफ कोड. मुलांनी सुट्टीत एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाचं काम करायचं, त्या प्रकल्पातल्या जाणत्या माणसाने त्यांना मार्गदर्शन करायचं आणि पैसे गूगलने द्यायचे. पहिल्या वर्षी साधारण चारशे मुलं निवडली गेली. प्रत्येकाला साडेचार हजार डॉलर मिळायचे, पण एकदम नाही. मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा मार्गदर्शक काम तपासायचा. नापास झालं की पुढचे पैसे बंद. आणि झालेलं काम गूगलच्या कपाटात जायचं नाही, ते त्या प्रकल्पातच, सगळ्यांसमोर उघडं राहायचं.

उन्हाळा म्हणजे त्यांचा बरं का! आपल्या शाळा सुरू होऊन पत्र्यावर पाऊस वाजत असतो, तेव्हा तिकडे अमेरिका-युरोपात उन्हाळ्याची सुट्टी असते.

सिम्पायच्या वाट्याला २००७ साली असे पाच विद्यार्थी आले आणि तेव्हापासून त्या प्रकल्पाला बाळसं धरलं. २००९ साली आला एरन म्यूरर. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सोकोरो नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या न्यू मेक्सिको टेक या संस्थेत तो शिकत होता. अजून पदवीही झालेली नव्हती. त्याने काम मागितलं ते डिफरन्शिअल इक्वेशन्सचं. मराठीत त्यांना अवकल समीकरणं म्हणतात. नावाला घाबरू नका, चहा प्या.

खरंच, चहाच घ्या उदाहरणाला. स्टीलच्या पेल्यात वाफाळता चहा आहे, ९० अंश गरम. खोलीत आहेत ३० अंश. समजा दहा मिनिटांत तो ६० अंशांवर आला. मग आणखी दहा मिनिटांत किती? पुन्हा ३० अंश उतरून खोलीइतका गार होईल का? नाही होत. तो ४५ वर येतो, त्यापुढच्या दहा मिनिटांत साडेसदतीसवर. चहा आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक जास्त तितका चहा भराभर निवतो. फरक कमी झाला की रेंगाळतो. म्हणजे आपल्याला चहाचं तापमान किती ते ठाऊक नाही, पण ते कसं बदलतं ते ठाऊक आहे. बदलण्याचा नियम दिलेला आहे, त्यावरून मूळ गोष्ट शोधून काढायची, हे झालं अवकल समीकरण. चहा निवणं, झोका हलणं, धरणातलं पाणी उतरणं, सगळीकडे ही समीकरणं भेटतात.

सिम्पायला तेव्हा या समीकरणांचे मोजकेच प्रकार सोडवता येत. म्यूररने त्या उन्हाळ्यात पुष्कळ नवे प्रकार शिकवले. पण मला त्याचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. त्याने यंत्राला नुसत्या रीती शिकवल्या नाहीत. आधी ओळखायला शिकवलं.

आम्ही शिक्षक वर्गात घसा फोडून सांगतो, गणित दिसलं की लगेच आकडेमोड सुरू करू नका, आधी ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. म्यूररने नेमकं तेच लिहून काढलं. त्याचा प्रोग्रॅम समीकरण घेतो, न्याहाळतो आणि यादी करतो : याला ही रीत लागू पडेल, तीही पडेल, बर्नुलीची रीतसुद्धा चालेल. एकाच गणिताला तीन-तीन रीती लागू होतात, तुम्हाला अनुभव असेल. एका रीतीने उत्तर सुटसुटीत येतं, दुसरीने भलं मोठं येतं, तिसरी मध्येच अडकते. म्हणून हव्या त्या रीतीने सोडवून घेण्याची किंवा सगळ्या वापरून त्यातलं सोपं उत्तर निवडण्याची सोय त्याने ठेवली.

मग एक मजेदार अडचण आली. या समीकरणांच्या उत्तरात एक अशी संख्या येते की ती काहीही असू शकते. तिला आपण स म्हणू. आता मनात कुठलीही संख्या धरा. तिच्यात २ मिळवा. काय आलं? तुम्ही म्हणाल, कुठलीतरी संख्याच आली. अगदी बरोबर! जी मुळात काहीही असू शकते तिच्यात २ मिळवले तरी ती काहीही असू शकते. म्हणून स + २ लिहायच्या ऐवजी आपण नुसतं स लिहून मोकळे होतो. आपल्याला हे बोलता बोलता कळतं. यंत्राला कळत नाही. ते प्रामाणिकपणे स + २ लिहितं, पुढे त्याला ५ ने गुणतं, आणखी काही मिळवतं आणि उत्तराचं भेंडोळं करून ठेवतं. हे भेंडोळं सोडवण्यासाठी म्यूररला एक वेगळा भागच लिहावा लागला. जे आपण 'समजलं हो' म्हणून सोडून देतो ते यंत्राला पायरीपायरीने सांगावं लागतं. दुसऱ्याला सांगायला बसलं की आपल्याला किती समजलंय ते कळतं, हे भावंडांना शिकवणाऱ्या ताई-दादांना चांगलं ठाऊक आहे.

आणि ताळा! ४७ भागिले ५ केलं, भागाकार ९ आला, बाकी २ उरली. ताळा कसा करतो आपण? पाच नव्वे पंचेचाळीस अधिक दोन, सत्तेचाळीस. जमला. म्यूररने अवकल समीकरणांच्या ताळ्याची वेगळी आज्ञा लिहिली. मिळालेलं उत्तर मूळ समीकरणात घालायचं, दोन्ही बाजूंची वजाबाकी करायची, शून्य आलं की उत्तर बरोबर. सोपं वाटतं ना? पण शून्य हे नेहमी शून्यासारखं दिसत नाही. √१२ − २√३ हे बघा. आहे शून्यच, पण दिसतंय का? हे तर अगदी साधं झालं, खऱ्या समीकरणांत अर्धा पानभर मजकूर शून्य असू शकतो. म्हणून ती आज्ञा एका प्रकारे जमलं नाही तर दुसऱ्या प्रकारे ताळा करून बघते. तरीही नाही जमलं तर? तर उत्तर चुकलंच असं समजू नका, कदाचित हे शून्य आहे हे यंत्राला ओळखता आलं नसेल, अशी सूचना त्या आज्ञेच्या माहितीतच लिहिलेली आहे. आपल्या यंत्राला काय जमत नाही हे आधीच सांगून टाकलेलं मला फार आवडलं.

हे सगळं काम चालतं ते उघड्यावर. फळ्यावर गणित सोडवताना मागे पन्नास मुलं बघत असतात तसं. प्रत्येक बदल कुणीतरी वाचणार, इथे असं का केलं म्हणून विचारणार. शिवाय नवीन काही लिहिलं की त्याच्यासोबत परीक्षाही लिहून द्यायची, म्हणजे अमुक समीकरण दिलं तर अमुक उत्तर यायलाच हवं. उद्या दुसऱ्या कुणी काही बदललं आणि ते उत्तर यायचं थांबलं, तर लगेच कळतं.

पुढच्या वर्षी, २०१० च्या उन्हाळ्यात, म्यूरर पुन्हा आला. या खेपेला त्याने त्याहून अवघड काम घेतलं. कॉलेजात इंटिग्रेशन नावाचा प्रकार असतो, तो सोडवण्याची एक रीत रॉबर्ट रिश या गणितज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी मांडली होती. ही रीत नुसतं उत्तर काढत नाही. जिथे नेहमीच्या राशींत उत्तर निघूच शकत नाही, तिथे 'निघणारच नाही' असं सिद्धही करून देते. 'मला येत नाही' आणि 'याला उत्तरच नाही' यात किती अंतर आहे बघा! ही रीत इतकी लांबलचक आहे की तो उन्हाळा तिला पुरला नाही. तिचे काही प्रकार तर आजही सिम्पायमध्ये लिहायचे बाकी आहेत. तिथे यंत्र सरळ सांगतं की हा भाग अजून लिहिलेला नाही.

उन्हाळा संपला, पैसे मिळून गेले. बरीच मुलं इथे थांबतात, आणि त्यात गैर काही नाही. अभ्यास असतो, नोकरी शोधायची असते. म्यूरर मात्र गेला नाही. तो दुसऱ्यांनी पाठवलेले बदल वाचत बसला. जानेवारी २०११ मध्ये चेर्तीकने प्रकल्पाची धुरा त्याच्या हाती दिली. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी विद्यार्थी म्हणून आलेला मुलगा प्रमुख झाला! ही काही पगाराची नोकरी नव्हे. नव्या मुलांच्या शंका सोडवा, दोघांचं एकमत होईना तर निवाडा करा, नवी आवृत्ती बाहेर काढा, असली कामं. पुढे अनेक वर्षं त्याने ती केली आणि उन्हाळी विद्यार्थ्यांचा मार्गदर्शकही झाला. २०१७ साली सिम्पायवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांच्या लांबलचक यादीत पहिलं नाव त्याचं आहे आणि त्याच यादीत कितीतरी भारतीय नावं आहेत. ही मुलंही बहुतेक अशाच उन्हाळ्यांतून आलेली.

भारतातली मुलं या योजनेत दर वर्षी खूप मोठ्या संख्येने निवडली जातात. पण एक प्रश्न विचारते. पहिल्या दहा वर्षांत, म्हणजे २०१४ पर्यंत, सगळ्या जगात कोणत्या एका विद्यापीठातली सर्वांत जास्त मुलं निवडली गेली असतील? अमेरिकेतलं एखादं नाव तुमच्या ओठांवर आलं असेल. उत्तर आहे श्रीलंकेतलं मोरातुवा विद्यापीठ! कोलंबोजवळ आहे ते. आधीच्या मुलांनी पुढच्या मुलांना हात दिला की काय होतं, ते नकाशावर बोट ठेवून बघा.

आता पालकांशी दोन शब्द. 'बाई, याला आत्तापासून कोडिंगचा क्लास लावू का? म्हणजे पुढे असं काही मिळेल,' असं मला हल्ली फार विचारतात. ही योजना अजून चालू आहे. २०२२ पासून ती फक्त विद्यार्थ्यांपुरती राहिली नाही, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नवशिक्यांना अर्ज करता येतो. पैशांची रक्कम २०१७ पासून त्या त्या देशातल्या खर्चाच्या मानाने ठरते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी गूगलची कोड-इन नावाची वेगळी स्पर्धा २०१० ते २०१९ अशी दहा वर्षं झाली, ती आता बंद आहे. पण सिम्पाय अर्जदाराकडून काय मागतं ते ऐका. प्रमाणपत्र नव्हे. अर्ज करण्याआधी या प्रोग्रॅममधली एक तरी सुधारणा करून दाखवा आणि ती आमच्याकडून मान्य करून घ्या, एवढंच. ती लहानशी असली तरी चालते. पण त्यासाठी दुसऱ्याने लिहिलेलं शांतपणे वाचावं लागतं, आणि आपलं लिहिलेलं परत आलं तर रुसून चालत नाही. हे कोणत्या क्लासात शिकवतात ते मला माहीत नाही.

उलटी गोष्टही घडलेली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात मुक्तस्रोत प्रकल्पांना चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. झालं! शर्टापायी हजारो लोकांनी कुठे एखादा शब्द घाल, कुठे स्वल्पविराम हलव, असले पोकळ बदल पाठवण्याचा सपाटा लावला. ते वाचून परत पाठवण्यात प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे दिवस गेले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि आयोजकांना चार दिवसांत नियम बदलावे लागले. आता तर यंत्राला सांगून पानभर प्रोग्रॅम क्षणात लिहून घेता येतो. वाचून तपासायला मात्र माणूसच बसतो आणि त्याचा दिवस पूर्वीइतकाच चोवीस तासांचा आहे.

तुम्हा लहानांना यात काही करता येईल का? येईल. फायरफॉक्स, लिबरऑफिस असे मुक्तस्रोत प्रोग्रॅम मराठीतही आहेत. शाळेच्या नाहीतर घरच्या संगणकावर ते मराठीत लावून बघा. एखादा शब्द अवघड वाटला, चुकीचा वाटला, तर वहीत टिपून ठेवा : कुठे दिसला, काय लिहिलंय, त्याऐवजी काय हवं आणि का. मग आईबाबांना किंवा शिक्षकांना सोबत घेऊन तो भाषांतर करणाऱ्या मंडळींना कळवा.

संगणक नसेल तरी या आठवड्याचं काम सगळ्यांना जमण्यासारखं आहे. दोन अपूर्णांकांची बेरीज कशी करायची याच्या सूचना कागदावर लिहा, एकाखाली एक. समोरच्याला स्वतःची अक्कल चालवायला बंदी आहे, फक्त लिहिलंय तेवढंच करायचं. कागद मित्राच्या हातात द्या, १/३ आणि १/६ ची बेरीज करायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. तो कुठे अडतो तिथे खूण करा, सूचना सुधारा, पुन्हा द्या. जमलं की १/२ आणि १/२ द्या. मित्राने ४/४ असं उत्तर लिहून 'झालं!' म्हटलं, तर कागदावर आणखी एक सूचना लिहायची राहिली आहे.